कुरकूर : एक विपरीत स्मरण



विषय दिसावयास अगदी क्षुद्र आहे. काम, क्रोध, लोभ यांविषयी आपल्या ग्रंथांतून आणि व्यासपीठांवरून इतके सांगितले गेले आहे की त्यांची नावे ऐकताच श्रोता सावरून बसतो. परंतु पायतणात खडा टोचत राहावा तसे दिवसभर जे बारीक त्रास होतात, आणि त्यांबद्दल आपण जी अखंड कुरकूर करतो, तिला विकार असे कोणी म्हणतच नाही. बस आली ती थांबली नाही. नळाचे पाणी नेमके पूजेच्या वेळी गेले. दुकानदाराने सुटे पैसे नाहीत म्हणून हातावर गोळी ठेवली. पंगतीत भाजी आपल्या पानापर्यंत येईतो पातेले रिकामे झाले. पारायणात शेजारी बसलेला चढ्या आवाजात चुकीचा उच्चार करतो. खोलीतील सोबती रात्रभर घोरतो आणि सकाळी उठून आपल्यालाच सांगतो की डोळ्यास डोळा लागला नाही. यांपैकी एकही गोष्ट अशी मोठी नाही की तिच्यासाठी कोणी भांडावयास उठावे. आणि एकही अशी लहान नाही की ती कोणाला तरी सांगितल्यावाचून आपल्याला राहवावे.

क्रोध आला तर साधकाला पुढे अनुताप होतो. तो गुरूंपाशी जातो, प्रायश्चित्त मागतो. कुरकुरीचे प्रायश्चित्त मागावयास आलेला साधक मात्र माझ्या पाहण्यात नाही. तो मागेल तरी कशाला? तिला तो बोलणे समजतो, मन मोकळे करणे समजतो, फार झाले तर आपला स्वभाव समजतो. क्रोध हा दरवडेखोरासारखा वाजतगाजत येतो आणि घरातील माणसे जागी होतात. कुरकूर ही वाळवीसारखी आहे. वरून पोथीचे पुठ्ठे जसेच्या तसे दिसते, आणि उघडून पाहावे तो आतली पाने गेलेली असतात.

आता पोथीचा दृष्टांत घेतलाच आहे, तर मूळ मुद्द्याकडे वळू. आपल्या पोथीतील कोणती पाने ही वाळवी खाते?

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केले, तेव्हापासूनचा सारा काळ आपल्याला असन्निधानाचा आहे. सन्निधानी असलेल्या भक्तांना श्रीमुखीचे निरूपण होते, दर्शन होते, सेवा होती. एखादा चुकला तर त्याला तिथल्या तिथे सावरणारे प्रत्यक्ष स्वामी होते. असन्निधानी साधकाच्या हाती काय राहिले? अटन राहिले, विजन राहिले, भिक्षा व भोजन यांचा विधी राहिला, आणि या सर्वांमधून अखंड वाहत राहावे असे स्मरण राहिले. अटन, विजन या गोष्टी देहाच्या शक्तीवर अवलंबून आहेत. म्हातारपणी पाय थकतात, गृहस्थाश्रमी वासनिकाला तर त्या पूर्णत्वाने घडतच नाहीत. स्मरण मात्र अंथरुणावर पडलेल्यालाही घडते, चुलीपुढे बसलेल्या बाईलाही घडते आणि शेतात पाळी देणाऱ्यालाही घडते. ते गेले तर आपल्यापाशी वेष तेवढा उरतो.

या स्मरणाने काय होऊ शकते, याचे उदाहरण शोधावयास दूर जाणे नको. रिद्धपुरी आचार्य श्रीनागदेव एकांती बसून स्वामींच्या लीळा आठवीत असत. त्यावरून त्या लीळा लिहून ठेवाव्यात असा विचार म्हाइंभटांच्या मनात आला, ही हकिकत पंथात लहानथोरांना ठाऊक आहे. ज्याने जी लीळा पाहिली वा ऐकली, त्याच्याकडे जाऊन म्हाइंभटांनी ती विचारून घेतली. मराठीतील हा आद्य चरित्रग्रंथ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात निर्माण झाला तो असा, म्हणजे मुळात कोणीतरी एक गोष्ट पुनःपुन्हा आठवत बसला होता म्हणून. त्या स्मरणाला कंटाळा नव्हता. स्वामी कोठे बसले, तोंड कोणत्या दिशेस होते, कोणी काय विचारले, त्यावर काय म्हणाले, हे सारे तपशिलासह आठवले गेले. पुढे स्थानपोथीत त्या त्या गावचे स्थान आणि स्थान, ओटा आणि ओटा नोंदला गेला.

मनुष्याच्या ठिकाणी एवढ्या बारकाईने आठवण्याची शक्ती आहे, ही परमेश्वराची देणगीच म्हणावयाची. आता हीच शक्ती आपण सायंकाळी कोठे खर्च करतो ते पाहावे.

नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचे चिंतन करावे, असे आपण उपदेश घेतला त्या दिवसापासून ऐकत आलो आहोत. कुरकूर करणाऱ्याचे बोलणे एकदा निवांतपणे ऐकावे. त्यात ही चारही अंगे सापडतात. ज्याने त्रास दिला त्याचे नाव असते, आणि ते दर दोन वाक्यांमागे येते. त्याने काय केले ती लीळा असते. तो कसा उभा होता, तोंड कसे केले होते, ही मूर्ती असते. हात कसा उडवला, मान कशी फिरवली, ही चेष्टा असते. सांगणारा ती आपल्या हाताने करूनही दाखवतो. स्थानही असते: 'मी त्या खांबाशी उभा होतो, आणि तो त्या पायरीवर.' तिथीही असते: 'परवाच्या एकादशीची गोष्ट.' इतके सांगोपांग चिंतन त्याने सकाळच्या स्मरणाच्या वेळी केले होते काय, हे त्याचे त्याने पाहावे. म्हणून कुरकूर ही केवळ वाणीची सैलता आहे असे मला वाटत नाही. ते स्मरणच आहे, फक्त विषय पालटलेला आहे. बसचा वाहक, शेजारीण, वाढपी, भाऊबंद, गुरुबंधू हे त्याचे अवतार झालेले आहेत. आपल्या पूर्वजांनी शास्त्र जपावे म्हणून सकळा लिपीचे कुलूप घातले. या दुसऱ्या शास्त्राला कुलूप लागत नाही, किल्लीही लागत नाही, ते एका मुखातून दुसऱ्या मुखी पाठांतरासकट जाते.

यावर कोणी म्हणेल की, 'स्वामीजी, सांगितले म्हणजे मन हलके होते; मनात ठेवले तर कुजते.' हा आक्षेप टाकाऊ नाही आणि त्याचा विचार पुढे करावयाचा आहे. आधी एवढेच पाहू की मन खरोखर हलके होते काय. घागर रिती केली तर ती हलकी व्हावी, आणि पुन्हा रिती करावयाची वेळ येऊ नये. येथे तर सकाळी रिती केलेली घागर दुपारी दुसऱ्यापुढे तितकीच भरलेली असते आणि रात्री तिसऱ्यापुढे काठोकाठ. शिवाय प्रत्येक वेळी मूळ प्रसंगात एखादा शब्द वाढतो. वाहक पहिल्या खेपेस 'पुढे व्हा' म्हणाला होता. तिसऱ्या खेपेस तो खेकसलेला असतो.

या बाबतीत पाश्चात्य मानसशास्त्रज्ञांनीही काही परिश्रम केले आहेत. आपल्या शास्त्राला त्यांच्या शिक्क्याची गरज आहे असे नव्हे, परंतु सत्य कोठूनही आले तरी त्याला आसन द्यावे. राग बाहेर काढला की तो ओसरतो, या समजुतीची परीक्षा अमेरिकेतील ब्रॅड बुशमन यांनी केली. तो प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांचे लेखन मुद्दाम अपमानकारक शेरे मारून परत दिले. मग काहींना, ज्याने अपमान केला त्याचे चिंतन करीत, मुष्टियोद्धे वापरतात त्या टांगलेल्या थैलीवर ठोसे मारावयास सांगितले. काहींना व्यायाम म्हणून मारावयास सांगितले, आणि काहींना नुसते दोन मिनिटे स्वस्थ बसवले. ज्यांनी त्या माणसाचे चिंतन करीत ठोसे मारले त्यांचा राग सर्वांत अधिक राहिला. जे नुसते बसले ते सर्वांत कमी आक्रमक आढळले. पुढे २०२४ साली त्यांनी व त्यांच्या सहकारी संशोधिकेने १५४ अभ्यास एकत्र घेऊन, ज्यांत मिळून १०,१८९ माणसे होती, असा निष्कर्ष मांडला की ज्या उपायांनी देह शांत होतो, उदाहरणार्थ संथ श्वास, ध्यान, त्यांनी राग उतरतो. ज्यांनी देह उत्तेजित होतो त्यांनी एकंदरीत उतरत नाही. ठोशाने जे होत नाही ते जिभेने होईल असे मानण्यास मला तरी आधार दिसत नाही. त्या प्रयोगातही घात केला तो हाताने कमी आणि चिंतनाने अधिक.

आता श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधाकडे येऊ. आपल्या पंथात भास्करभट्ट बोरीकरांची उद्धवगीता साती ग्रंथांत मानली जाते, त्यामुळे हा स्कंध आपल्याला परका नाही. तेथे उद्धवदेव श्रीकृष्ण चक्रवर्तींना आपली अडचण अगदी सरळ शब्दांत सांगतात: दुर्जनांनी केलेला अपमान सोसणे हे जाणत्यांनाही फार कठीण आहे. आणि महत्त्वाची गोष्ट ही की श्रीकृष्णदेव ती अडचण नाकारीत नाहीत. कठोर शब्दांनी विंधलेले मन सावरील असा साधू या लोकी विरळाच, बाण लागला तर तोही इतका सलत नाही, अशा आशयाने ते उद्धवदेवांचे म्हणणे मान्य करतात आणि मग एका भिक्षूची कथा सांगतात. 'एवढ्याशा गोष्टीचे काय वाईट वाटून घ्यावयाचे' असे म्हणून दुसऱ्याला उडवून लावणाऱ्या आपल्यातील उपदेशकांनी हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

तो भिक्षू पूर्वी अवंती देशीचा धनाढ्य आणि अत्यंत कृपण ब्राह्मण होता. धन गेले, स्वजनांनी पाठ फिरवली, तेव्हा त्याला विरक्ती आली आणि तो भिक्षा मागत फिरू लागला. लोक त्याची चेष्टा करीत. कोणी दंड ओढून घेई, कोणी पात्र पळवी, द्यावयाचे म्हणून दाखवी आणि पुन्हा हिसकावी; नदीतीरी भोजनास बसला तर त्याचे अन्न विटाळीत. इतके होऊन तो जे बोलला ते भिक्षुगीत म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचा सारा विचार असा की माझ्या सुखदुःखाचे कारण ही माणसे नव्हेत, ग्रह नव्हेत, काळही नव्हे. हे सारे चक्र फिरवते ते माझे मन. आपल्याच दातांनी आपली जीभ चावली गेली तर कोणावर रागवावे, असा त्याने विचारलेला प्रश्न आहे. मला या भिक्षुगीतात एक गोष्ट नेहमी विशेष वाटत आली आहे. त्याला छळणाऱ्यांची संख्या थोडी नव्हती, तरी त्याच्या गीतात त्यांपैकी एकाचेही नाव नाही. कोणी काय केले याची यादी कथा सांगणाऱ्या देवांच्या मुखी आहे. भिक्षूच्या मुखी नाही. तो आपल्या मनाशी बोलतो आहे. त्याच्या स्मरणात त्या गावगुंडांना जागा मिळालेली नाही.

तथापि त्या भिक्षूचे दुःख मोठे होते, आणि मोठ्या दुःखात मनुष्य कधी कधी मोठा होतो. आपल्या पंथाचीच गोष्ट पाहावी. मराठी भाषेत 'मानभावी' हा शब्द ढोंगी या अर्थाने रूढ झाला. काळ्या वस्त्रांवरून नाही नाही त्या कथा रचल्या गेल्या. हे सारे आपल्या वाडवडिलांनी शतकानुशतके सोसले आणि पोथ्या जपून ठेवल्या. त्याच परंपरेतील आपण यात्रेत स्नानाच्या पाळीवरून दोन दिवस तोंड फिरवून बसतो. मोठा प्रसंग आला की साधकाला आपला धर्म आठवतो. 'हे माझ्या परीक्षेचे आहे' असे तो स्वतःशी म्हणतो. भाजी संपली तर परीक्षा आहे असे कोणास वाटत नाही, म्हणून तेथे कोणी जागाही राहत नाही. आणि प्रत्यक्षात आयुष्यात अपमान, आघात, वियोग येतात ते किती वेळा? भाजी तर रोज दोनदा येते.

भिक्षेच्या विधीत या रोगावरचे औषध आपल्या हाती दिलेले आहे, पण आपण त्याचा अर्थ आटवून टाकला आहे. भिक्षूने दारी उभे राहावे, मिळेल ते घ्यावे, न मिळाले तर पुढे जावे. झोळीत पडलेले अन्न एकत्र होते. कोणत्या घरचे खारट, कोणत्या घरचे शिळे, कोणी आदराने घातले आणि कोणी तोंड वाकडे करून, हे झोळीत वेगळे काढता येत नाही. त्यावर रसना बांधली जाते हे तर खरेच. परंतु माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट अशी की दात्यांचा हिशेबच मोडून जातो. ज्याच्यापाशी घरागणिक वाटी असेल तोच घरागणिक तक्रार करील. आज बहुतेक आश्रमांत पंगती आहेत, कोठी आहे, नेमलेले वाढपी आहेत. सोय झाली, यात वाईट काही नाही. पण झोळीबरोबर ते एकत्र होणे गेले, आणि प्रत्येकाच्या मनात वाट्या आल्या.

कुरकुरीचा शेवट कोठे होतो हेही सांगितले पाहिजे, कारण तो क्षुद्र नाही. प्रथम एखाद्याची एक कृती नावडते. ती चार वेळा सांगितली की कृतीच्या जागी तो मनुष्य नावडू लागतो. मग त्याच्या इतर कृतींतही तोच दोष दिसू लागतो. त्याने दंडवत केला तरी तो उशिरा केलेला असतो. येथवर आले की साधर्मिकाविषयी विकल्प उत्पन्न झाला असे समजावे, आणि विकल्पाला द्वेषापर्यंत पोहोचावयास फार चालावे लागत नाही. आचारवंत म्हणून ज्यांची ख्याती, अशा दोन व्यक्ती वर्षानुवर्षे एकमेकांच्या सावलीस उभ्या राहत नाहीत. मूळ शोधत गेले तर कोठेतरी एक कंदील, एक बादली, अथवा न दिलेला निरोप सापडतो. ज्याच्या अंगी मुंगी चिरडू नये एवढी अहिंसा मुरली आहे, तो मनाने गुरुबंधूला रोज थोडा थोडा मारीत असतो आणि त्याला याचा पत्ताही नसतो.

आता मघाच्या आक्षेपाकडे वळले पाहिजे. मग काय सांगूच नये? सारे गिळावे? असा अर्थ कोणी घेतला तर मोठा अनर्थ होईल, आणि तो होतो आहे म्हणून येथे जरा थांबतो.

गाऱ्हाणे वेगळे आणि कुरकूर वेगळी. बैलगाडीचे चाक कुरकुरते तेव्हा ते गाडीवानाला सांगत असते की आख कोरडा पडला आहे. पूर्वी गाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. शहाणा गाडीवान उतरे, वंगण घाली, आवाज थांबे. हे गाऱ्हाणे. त्याला ऐकणारा धनी आहे, त्याला उपाय आहे आणि उपायानंतर त्याला अंत आहे. गाडीवानच चाकाच्या सुरात सूर मिसळून गाऊ लागला तर ती कुरकूर झाली. एका आश्रमात हिवाळ्यात म्हाताऱ्या भिक्षूंना स्नानाला ऊन पाणी पुरत नसे. दोन महिने सारा आश्रम त्यावर बोलत होता. ओसरीवर, वडाखाली, आरतीला जाताना. ज्याच्या हाती व्यवहार होता त्याला मात्र कोणी सांगितले नव्हते. शेवटी एका मुलाने सहज विचारले, आणि आठ दिवसांत दुसरा बंब आला. ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी अशी की पुढच्या पंधरवड्यात दुसऱ्या बंबाच्या धुरावर बोलणे सुरू झाले.

तेव्हा ज्याच्या हाती उपाय आहे त्याला स्पष्ट सांगणे हा दोष नाही. कित्येकदा न सांगणे हाच दोष असतो. परंतु त्याहूनही गंभीर गोष्ट पुढे आहे. एखादी सून आश्रमात येऊन तपस्विनीपाशी डोळे पुसते. पहाटेपासून रात्रीपर्यंतचे काम तिचे, शेवटचे ताट तिचे, आजारपण आले तर कुचका शब्द तिलाच. ती सांगते ते वरवर पाहता भांड्याकुंड्यांचे असते: चहा निवला म्हणून कपबशी फेकली, माहेरचा फोन आला तेव्हा आवाज चढवला. ऐकणाऱ्याला वाटावे, किरकोळ कुरबुरी. तिला जर आपण असे सांगितले की, 'बाई, हे तुझ्या कर्माचे फळ. देवतांच्या द्वारा ते भोगावेच लागते. तू नामस्मरण कर', तर आपण शास्त्र सांगितले असे होत नाही. कर्मफळाचा सिद्धांत खरा आहे; परंतु तो मी माझ्या दुःखाला लावावयाचा आहे. दुसऱ्याच्या तोंडावर ठेवावयाची ती उशी नव्हे. तिच्या भांड्याकुंड्यांमागे काय आहे ते विचारावे, तिच्या घरी शब्द टाकावयाचा असेल तर महंतांनी तो टाकावा, आणि हात उगारला जात असेल तर कायद्याची वाट दाखवण्यासही कचरू नये.

हे मी आधुनिक विचार म्हणून सांगत नाही. सर्वज्ञांच्या सन्निधानी स्त्रिया होत्या, त्या प्रश्न विचारीत, आणि त्यांना उत्तरे मिळत; महदाइसांची जिज्ञासा तर प्रसिद्ध आहे. पुढे संस्कृतात रचना करू पाहणाऱ्या केशवराजांना आचार्यांनी आवरले ते याचसाठी, की त्या भाषेने आपल्या म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील. ज्या मार्गात शास्त्राची भाषा बायांच्या कानांचा विचार करून ठरली, त्या मार्गात त्यांच्या बोलण्याला कान नसावा हे कसे शोभेल? आणि लीळाचरित्रातील तो ससा आठवावा. पारध्यांनी पाठ धरली तेव्हा तो जीव स्वामींच्या जानूखाली येऊन दडला. त्याने काही सांगितले नाही. त्याला सांगताही येत नव्हते. तरी स्वामींनी त्याला राखले आणि पारध्यांशीही गोष्ट केली. गाऱ्हाणे ऐकावयाचे ते असे, की न बोलणाऱ्याचेही कळावे.

मग ओळखावे कसे, की आपण करतो आहोत ते गाऱ्हाणे की कुरकूर? फार खोल जाणे नको. आपण ते कोणाला सांगतो आहोत, हे पाहावे. ज्याच्या हाती उपाय आहे त्याला टाळून ज्याच्या हाती काहीच नाही अशाला आपण शोधून काढतो, तेव्हा आपल्याला उपाय नको असतो, श्रोता हवा असतो. आणि उपाय झाल्यावर आपल्याला थोडे चुकल्यासारखे वाटले, जणू हातातले काही गेले, तर मग शंकेला जागाच नाही. आजकाल श्रोता शोधावयास उंबरठाही ओलांडावा लागत नाही. मोबाईलवर नातलगांचे, गावाचे, उपदेशी मंडळींचे गट असतात. वीज गेल्याचे वृत्त वीज येण्याच्या आत पन्नास जणांना पोहोचते आणि त्यांतील तिघांची वीज गेलेली नसूनही ते हळहळतात. हा श्रोत्यांचा भाग दुर्लक्षिण्याजोगा नाही. 'हो ना, मलाही परवा असेच' असे म्हणणारा मनुष्य आपले सांत्वन करतो असे वाटते; वस्तुतः तो आपली वस्तू घेऊन त्याची वस्तू देत असतो, आणि बाजार उठतो तेव्हा दोघांचीही ओझी दुप्पट झालेली असतात.

साधकाने प्रत्यक्ष काय करावे, याबद्दल मी नवीन व्रत सांगणार नाही. व्रते पुष्कळ आहेत, आणि 'मी आठ दिवस कुरकूर केली नाही, पण तो पाहा कसा करतो' अशी व्रतांतूनही कुरकूर निघते. एवढेच करून पाहावे की दिवसातील खडा टोचला त्या क्षणी तो जिभेवर येण्याआधी एक नाम घ्यावे, मग हवे तर बोलावे. कित्येकदा बोलणे होईलच. हरकत नाही. पण ते एकदा होईल, आणि चौथ्यांदा होताना आपल्याला ते ऐकू येईल. सायंकाळच्या स्मरणास बसताना मन त्या खांबाशी, त्या पायरीशी जाईल. तेथून त्याला ओढून आणण्याची झटापट करू नये. पायरी आठवते आहे ना? मग स्वामी ज्या पायरीवर, ज्या ओट्यावर बसले ती एखादी लीळा आठवावी. मन तपशिलाचे भुकेले असते. त्याला तपशील द्यावा, पण योग्य घरचा.

वृद्धांच्या बाबतीत मात्र ही कसोटी जशीच्या तशी लावू नये, असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे. चाळीस वर्षे अटन केलेला एखादा बाबा आता खाटेवर आहे. दात गेले आहेत, डोळे अधू झाले आहेत, बरोबरीचे सारे निघून गेले आहेत. तो दिवसभर भाजीवर बोलतो: ती तिखट, ती कच्ची, ती कालचीच. तरुण भिक्षुक ताट ठेवून घाईने निघून जातात, कारण त्यांना पुढचे सारे पाठ आहे. त्याची भाजी खरोखर मऊ शिजवून द्यावी, हे तर करावेच. पण तो भाजीवर बोलतो याचे एक कारण असे की दिवसातून भाजी घेऊनच तेवढे कोणीतरी त्याच्यापाशी येते. अशा वेळी ताट ठेवल्यावर खाटेशी घटकाभर टेकावे आणि म्हणावे, 'बाबा, ती डोमेग्रामची लीळा तुम्ही तुमच्या गुरूंकडून कशी ऐकली होती?' तो प्रथम म्हणेल की आता काही आठवत नाही. मग आठवेल. सांगता सांगता मध्येच थांबून आपला पाठ दुरुस्त करील, दुसऱ्या पाठात काय आहे तेही सांगेल, आणि आजच्या मुलांचे उच्चार कसे बिघडले आहेत यावरही दोन शब्द बोलून घेईल. उठताना भाजीचे पुन्हा एकदा काढील. काढू द्यावे.